डिकीतल्या सहा तबकड्या

उघड्या टपाच्या गाडीत मौल्यवान काही ठेवू नये, हा अशा गाड्या बाळगणाऱ्यांचा पहिला नियम. दुसरा नियम नवख्याला चमत्कारिक वाटतो. गाडी रस्त्यावर उभी केली की दारांना कुलूप लावायचं नाही. टप कापडी असताना कुलपाचा उपयोग काय? चोराच्या खिशातलं एक पातं पुरतं. त्याला हवा असतो रेडिओ, आणि फाटलेला टप बदलायला त्या रेडिओच्या कितीतरी पट पैसे जातात. त्यापेक्षा त्यानं दार उघडावं, आत काही नाही हे बघावं आणि आपल्या वाटेनं जावं. १९८०-९० च्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत गाड्यांचे रेडिओ इतके चोरीला जात, की लोक रेडिओ खणातून उपसून काखेत मारायचे आणि तसेच हॉटेलात जेवायला जायचे. पुढे दर्शनी पट्टी तेवढी काढून खिशात टाकायची सोय आली.

सीडी चेंजर हे त्याच काळातलं यंत्र. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला आणि दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, गाडीत बसणारे प्लेअरही निघाले. पण गाडी चालवताना डबी उघडायची, चकचकीत तबकडी कडेनं धरून काढायची, वाजून झालेली परत डबीत ठेवायची, हे एका हाताचं काम नव्हतं. म्हणून सहा, दहा, बारा तबकड्या एकदम पोटात घेणारं खोकं आलं. ते मोठं असल्यामुळे डिकीत गेलं हे खरं. पण तिथे ते कुलपाआड आणि नजरेआड राहतं, हाही हिशेब त्यात होता. पुढे रेडिओवर बटण दाबायचं, मागे अंधारात एक तबकडी आत जाते, दुसरी बाहेर येते. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये गाडीची सगळी लांबी. उघड्या गाडीत तर ही व्यवस्था अगदी चपखल. ऊन, धूळ, वारा यांना आतबाहेर मोकळं रान असलेल्या त्या गाडीत कायमचं छप्पर असलेली खोली एकच, डिकी.

माझी गाडी १९९२ ची माझदा मिआटा. दोनच माणसांची, १.६ लिटर इंजिनाची, वजनाला साधारण ९५० किलो. ही गाडी जन्माला आली ती एका पोकळीत. गाडी उलटली तर काय, याविषयीचे सुरक्षेचे नियम कडक होणार या धास्तीनं अमेरिकन कंपन्यांनी सत्तरच्या दशकात उघड्या गाड्या एकेक करून बंद केल्या. १९७६ मध्ये कॅडिलॅकनं आपली एल्डोराडो अमेरिकेतली शेवटची उघडी गाडी म्हणून विकली. ब्रिटनमध्ये एमजीबीचा कारखाना १९८० मध्ये थांबला. बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकारानं १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की साधी, हलकी, ब्रिटिश वळणाची उघडी गाडी आता कुणीच करत नाही, तुम्ही करा. ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी तिच्या गिअरच्या दांड्याची खटक किती असावी आणि सायलेन्सरमधून आवाज कसा यावा यावरसुद्धा मेहनत घेतली होती. कानाचा विचार करणारी गाडी आहे ही. हौसेनं जादा पैसे मोजणाऱ्यांना सीटच्या डोकं टेकायच्या उशीत छोटे स्पीकर बसवून मिळत; टप उघडा असताना दारातल्या स्पीकरचा आवाज वाऱ्यावर जातो, म्हणून गाणं थेट कानामागे. माझ्या गाडीत ते आहेत, आणि अजून वाजतात.

माझ्याकडच्या सीडी मी कुठे कुठे जमवल्या ते त्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या सांगतात. काही पुण्याच्या अलूरकरांच्या दुकानातल्या. काही मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधल्या. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. कॅलिफोर्नियाला येताना कपडे कमी घेतले आणि या घेतल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून केलेल्या, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरीताई, भीमसेनजींचे अभंग, शाहीर साबळे. फोनवर हे सगळं आहे, याहून अधिक आहे. ब्लूटूथची काडी रेडिओला लावायला पाच मिनिटं लागतात, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांचं खरंच आहे. पण फोनवर मी ऐकत नाही, मी निवडत राहते. दोन मिनिटं एक, मग दुसरं, मग त्याच रागातलं तिसऱ्या कुणाचं. घाटात वळणावर असताना अंगठा काचेवर फिरत असतो. डिकीतल्या खोक्यापर्यंत माझा हात पोचत नाही, आणि नेमकं तेच मला हवं होतं. काय ऐकायचं ते गाडी उभी असताना ठरवायचं. निघाल्यावर जे सोबत घेतलं ते ऐकायचं.

चेंजर मला कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजच्या आवारात पूर्वी महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळाला. आधीच्या मालकानं माझ्या गाडीत बसवलेल्या कॅसेट रेडिओच्या पाठीमागे चेंजरसाठी गोल सॉकेट होतं; त्याच कंपनीचा, त्याच पिढीचा चेंजर लागतो, कारण प्रत्येक कंपनीची आज्ञा द्यायची भाषा वेगळी. विकणाऱ्या बाईंनी तबकड्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, सोबत दिली हे महत्त्वाचं. पेटी हरवली की खोकं म्हणजे नुसतं वजन. पेटीत सहा चपटे कप्पे, प्रत्येकात पातळ ताटली, वर बाण काढलेला.

मग गाडीची डिकी उघडून मी नुसतीच बघत बसले. मिआटाच्या डिकीत दोन बॅगा ठेवायच्या तर त्या मऊ असाव्या लागतात. मध्ये सुटं चाक, उजव्या अंगाला बॅटरी. हो, बॅटरी डिकीत. पुढचं-मागचं वजन सारखं राहावं म्हणून ती तिथे नेली आहे. बंद जागेत असल्यामुळे तिच्यातून निघणारा वायू बाहेर सोडायला बारीक नळ्या लावलेल्या असतात. डिकी आणि सीट यांच्यामध्ये पेट्रोलची टाकी, आणि टाकीत पेट्रोल नेणारी जाड नळी डाव्या बाजूनं पत्र्याआडून उतरते. थोडक्यात, या डिकीत ड्रिल चालवायचं तर पत्र्यापलीकडे काय आहे ते आधी माहीत हवं.

ड्रिल चालवायचंच नाही असं मी ठरवलं ते मात्र भीतीनं नव्हे. तीस वर्षांहून जुनी गाडी आपल्याकडे येते तेव्हा तिच्या अंगावर आधीच्या मालकांचे हात दिसतात. कुणी डॅशबोर्डखाली कसल्याशा गजरासाठी भोक पाडून ठेवलेलं असतं, गजर कधीच गेलेला, भोक राहिलेलं. कुणी तार मधेच कापून जोडलेली आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेली. उन्हात ती पट्टी विरघळून डिंकासारखी हाताला लागते. त्या त्या वेळी प्रत्येकाला आपली हौस पुरवायची होती, त्यात गैर काही नाही. पण पत्रा कापला की कापला. त्या कापलेल्या कडेला रंग नसतो, आणि उघड्या गाडीत पाणी कुठून ना कुठून येतंच. म्हणून मी जे बसवीन ते काढलं तर मागमूस राहू नये, एवढं एकच बंधन घालून घेतलं. कारखान्यानं दिलेलेच बोल्ट वापरायचे, कारखान्यानं तारांसाठी ठेवलेल्याच वाटेनं तार न्यायची.

पाण्याचं सांगायला हवं, कारण चेंजर बसवण्यापूर्वीचं खरं काम तेच होतं. कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या काठानं एका पन्हळीत जातं आणि सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली उतरतं. वर्षानुवर्षं झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत या नळ्या पानांनी आणि मातीनं बुजतात. मग पाणी गालिच्याखाली साठतं, तिथून दमटपणा सगळीकडे. सीडी वाचणाऱ्या भिंगावर बाष्प धरलं की प्लेअर गप्प होतो, किंवा नुसताच तबकडी फिरवत राहतो. जुन्या पुस्तिकांतून असं झालं तर तासभर थांबा म्हणून लिहिलेलं असे. मी आधी दोन्ही नळ्या साफ केल्या, वरून तांब्यानं पाणी ओतून खाली धार पडते का बघितलं, डिकीच्या रबराला कोरड्या हातानं चाचपलं. मगच खोकं उघडलं.

याच वेळी काका आले. शेजारच्या मराठी कुटुंबाकडे उन्हाळ्यापुरते आलेले. मिरजेत त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि समोरच्या अंगणात एक बाई गाडीचं सीट काढून बसलेली. त्यांना घरात राहवलं नसणार.

"काय गं पोरी, गाडी मोडायला काढलीस?"

"नाही काका, सीडी चेंजर बसवतेय."

"आणि हे दोन स्क्रू काढलेस का?" त्यांनी खोक्याच्या बुडाला बोट लावलं. मी मान हलवली. "हां. मग जमतंय तुला. आमच्याकडं यायचे लोक, नवीन मशीन वाजत नाही म्हणून. हेच राहिलेलं असायचं."

ते दोन स्क्रू म्हणजे प्रवासाचे स्क्रू. चेंजरच्या आत वाचणारं यंत्र खोक्याला घट्ट जोडलेलं नसतं. ते स्प्रिंगांवर आणि तेल भरलेल्या मऊ रबरी गोळ्यांवर तरंगतं. कारखान्यातून दुकानात जाताना ते आदळू नये म्हणून स्क्रू घालून जखडतात, बसवताना काढायचे. खोक्याच्या दोन्ही कुशींना एकेक फिरकी असते. खोकं आडवं ठेवणार, उभं ठेवणार की तिरपं, त्याप्रमाणे दोन्ही फिरक्या सारख्याच खुणेवर आणायच्या. स्प्रिंगांचा ताण त्यानं बदलतो. एक आडवी आणि एक तिरपी राहिली तर यंत्र कायम एका अंगाला कलतं आणि पहिल्या खड्ड्याला गाणं तुटतं. काकांनी दोन्ही खुणा चष्मा कपाळावर सरकवून बघितल्या, मग झाकणाच्या फटीतून आतलं यंत्र बोटानं हळूच दाबून सोडलं. ते एकदा डोललं आणि स्थिर झालं. "रबर अजून जिवंत आहे," ते म्हणाले.

या तरंगण्यावर सगळा खेळ आहे. सीडीवरची रेघ आतून सुरू होऊन चक्राकार बाहेर जाते; शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा कित्येक फेऱ्या मावतील. पूर्ण भरलेल्या तबकडीवरची ही रेघ उलगडली तर पाच किलोमीटरांच्या घरात जाते. तबकडीला सुई टेकत नाही, लेसरचा किरण टेकतो, आणि त्याचं भिंग तबकडीच्या प्रत्येक डुलण्याबरोबर वरखाली, आतबाहेर होत तो ठिपका रेघेवर ठेवतं. रेघ वाचण्याचा वेग कायम राहावा म्हणून तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि शेवटाकडे २०० पर्यंत मंदावते. म्हणजे वर गाण्याची लय वाढत जाते तेव्हा डिकीत तबकडी संथ होत असते. हे सगळं एका छोट्या गाडीच्या मागच्या चाकांच्या माथ्यावर चाललेलं. छप्पर नसलेल्या गाडीचा सांगाडा बंद गाडीपेक्षा थोडा अधिक लवतो. खराब रस्त्यावर आरसा थरथरताना दिसतोच. त्यावर तरंगणारं यंत्र, आणि त्यात केसाच्या अंशावर टेकलेला प्रकाश. मला याचं अजून नवल वाटतं, आणि वाटत राहो.

आणि तरी चूक होतेच. ओरखडा असतो, धूळ असते. फिलिप्स आणि सोनीच्या लोकांनी ती होणार हे धरूनच तबकडीची रचना केली. एका क्षणाचा आवाज रेघेवर एका जागी लिहायचा नाही, त्याचे तुकडे करून पुढेमागे पसरून लिहायचे, आणि सोबत पडताळ्याचे आकडे द्यायचे. ओरखडा पडला की प्रत्येक क्षणाचा थोडाथोडा भाग जातो, कुठलाच क्षण अख्खा जात नाही, आणि उरलेल्यावरून गेलेलं पुन्हा मांडता येतं. रेघेवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान असं पूर्ण भरून निघतं. कानाला पत्ताही लागत नाही.

बैठकीसाठी मी प्लायवूडची फळी डिकीच्या तळाच्या आकारात कापली, तिच्यावर करडा गालिचा ताणून लावला आणि सुटं चाक धरणाऱ्या मूळच्या बोल्टलाच ती पकडली. चेंजर फळीला चार स्क्रूंनी, आडवा, पेटीचं तोंड डिकीच्या दाराकडे. पिवळी तार बॅटरीला. चेंजरला आपण कुठल्या तबकडीवर होतो ते लक्षात ठेवायला सतत थोडी वीज लागते. बॅटरी तिथेच असल्यानं ही तार हातभर. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूज यंत्रापेक्षाही तारेला वाचवतो. तार कुठे घासून पत्र्याला लागली तर आग तिथून लागते. आवाजाची आणि आज्ञेची तार मात्र लांब. कारखान्याच्या तारा जिथून डिकीतून आत जातात त्या रबरी बुचातून ती घेतली, गालिच्याखालून, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून, बॅटरीची जाड तार ज्या बाजूनं जाते तिच्या विरुद्ध बाजूनं, रेडिओपर्यंत. उंबऱ्याची पट्टी उचलली तेव्हा खाली पाइनच्या वाळक्या सुया आणि एक जुनं नाणं निघालं.

चालू केलं. खाँसाहेबांचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीक शीळ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शीळ चढायची, सोडला की उतरायची.

काकांनी हात वर केला. "थांब. दाब. सोड. पुन्हा दाब." डोळे मिटून ऐकलं. "हा गाडीचा सूर आहे. अर्थिंग दोन ठिकाणी झालंय कुठंतरी. शोध."

शीळ अल्टरनेटरची होती. इंजिन फिरतं तसा तो फिरतो, आणि त्याची वीज कितीही सपाट केली तरी तिच्यावर बारीक लाटा राहतात. चेंजरची काळी तार मी डिकीतल्या पत्र्याला दिली होती, तसं पुस्तिकेतच सांगितलेलं. आणि आवाजाच्या तारेचं आवरण पुढे रेडिओतून पुन्हा पत्र्याला मिळत होतं. पत्र्याच्या या दोन टोकांमध्ये विजेचा किंचित फरक असतो, आणि तो फरक आवाजाच्या तारेतून वाट काढतो. उपाय जुनाच आहे: सगळ्यांची जमीन एकाच ठिकाणी. काळी तार पत्र्यावरून सोडवून पुढे रेडिओच्या अर्थिंगलाच नेऊन दिली. चेंजर लाकडी फळीवर असल्यामुळे त्याचं अंग पत्र्याला लागतच नव्हतं. शीळ गेली. काका मांडीवर बोटानं ठेका धरत सीटवर टेकून बसून राहिले. उशीतला स्पीकर कानाशी, टप उघडा, अंगणात गाडी बंद. खाँसाहेबांची ती मूळ मुद्रिका ७८ फेऱ्यांची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या वेळात राग उभा करून दाखवायचा आणि थांबायचं. "आमच्या मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं," काका म्हणाले. "रात्र रात्र चालतं. आणि ह्यांना मिळाली तीन मिनिटं."

सीडीवर ७४ मिनिटं मिळाली. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावायची, मग उठून तबकडी उलटायची. सीडी आली आणि बडा ख्याल न तुटता घरात वाजू लागला. आवाजाच्या चढउताराचा पल्लाही मोठा मिळाला. सोळा बिटांच्या हिशेबानं सुमारे ९६ डेसिबल. तानपुऱ्याची शेवटची कंपनं ऐकू यावीत इतकी शांतता तिच्या तळाशी असते.

पण ही शांतता उघड्या गाडीत वाऱ्याला आंदण जाते. टप खाली करून हायवेवर ताशी शंभर किलोमीटरनं निघालं की कानाशी ८५ डेसिबलच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त गोंगाट असतो. ९६ डेसिबलचा पल्ला घेऊन काय करायचं, जेव्हा खालचा बहुतेक भाग बुडालेला? किशोरीताईंची पहिली सुरावट, ते हलकेच षड्जावर येणं, काहीच पोचत नाही. बटण फिरवून आवाज वाढवला की आलाप ऐकू येतो आणि पुढे तबल्याची थाप कानठळ्या बसवते. अनेक संध्याकाळी मी हे करून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की प्रश्न यंत्राचा नाहीच. गाणं जिथे जन्मलं ती जागा त्याच्यासोबत येते. मैफलीचं गाणं छपराखालचं आहे. दिवाणखाना, गालिचा, जवळ बसलेली माणसं, कुणी पान लावलं तर त्याचा आवाज होईल इतकी स्तब्धता. त्याला टप लागतो.

आपल्याकडे दुसरंही संगीत आहे, आभाळाखालचं. ते पहिल्यापासून वाऱ्याशी झगडत आलं आहे. दिंडी चालताना टाळ वाजतो तो शेतापलीकडे ऐकू जावा म्हणून. वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांत असतो, घुमणारा. त्यात तानपुरा बुडतो, मृदंगाचा घुमारा अर्धा बुडतो, पण टाळाची धातूची किणकिण वर तरंगत राहते आणि ताल सुटत नाही. सनई नगारखान्याच्या माडीवरून गावावर सोडायचं वाद्य. तिचा टोकदार सूर वारा कापत येतो. शाहिराची ललकारी मैदानासाठी असते. डफ आणि तुणतुणं ही दोन वाद्यं समोर ठेवून विचार केला तर कळतं, ध्वनिवर्धक नसताना उघड्यावर शेकडो माणसांपर्यंत पोचायचं तर काय काय टाकून द्यावं लागतं आणि काय ठेवावं लागतं. शाहीर साबळ्यांची तबकडी ताशी शंभरला माझ्या गाडीत जशी वाजते तशी घरात कधी वाजली नाही. भीमसेनजींचे अभंग दोन्हीकडे चालतात. गळा मैफलीचा, साथ वारीची.

यावरून माझी सहा तबकड्यांची मांडणी ठरली. पहिल्या तीन कप्प्यांत आभाळाखालचं, शेवटच्या तीनमध्ये टपाखालचं. घरून निघून वुडसाइडपर्यंतचा हायवे पहिल्या तिघांचा. तिथून ८४ नंबरचा रस्ता डोंगर चढायला लागतो, वेग आपोआप चाळीस-पन्नासवर येतो, वर रेडवूडची झाडं दोन्ही बाजूंनी इतकी दाट होतात की टप उघडा असूनही छप्पर आल्यासारखं होतं. वारा पडतो. इथे चौथा कप्पा. माथ्यावर स्कायलाइनचा रस्ता ओलांडून ला होंडाकडे उतरताना मन्सूरांचा राग मधल्या लयीत येतो आणि वळणांशी त्याचं चांगलं जमतं. जयपूर घराण्याच्या त्या वळत जाणाऱ्या तानांना सरळ रस्ता शोभतही नाही. सॅन ग्रेगोरियोला समुद्र लागतो. उन्हाळ्यात तिथे बहुधा धुकं असतं आणि हवा थंड. टप उघडा ठेवून, काचा वर करून, पायाशी हीटर लावून बसायचं, ही इकडच्या मिआटावाल्यांची रीत. गाडी बंद केली की सहावा कप्पा. किशोरीताईंचा भूप मी आता फक्त उभ्या गाडीत ऐकते.

धक्क्यानं गाणं तुटतं का, असं मला विचारतात. तुटतं, क्वचित. ला होंडाच्या पुढे रस्त्याला एक ठिगळ आहे, तिथे मागचं चाक उतरलं की अर्धा क्षण गप्प. नंतरच्या काळातल्या चेंजरमध्ये काही सेकंदांचा आवाज आधीच वाचून साठवून ठेवायची सोय आली, माझ्या चेंजरमध्ये ती नाही. त्याच्याकडे फक्त स्प्रिंगा आणि तेल आहे. मला ती जागा पाठ झाली आहे आणि मी तिथे वेग कमी करते.

काका सप्टेंबरात परत गेले. जाण्यापूर्वी एका रविवारी मी त्यांना समुद्रापर्यंत नेलं. डोक्याला मफलर, मांडीवर डबा, आणि पेटीतल्या सहाच्या सहा तबकड्या त्यांनी निवडलेल्या. हायवेवर सनई लावा म्हणून मी सुचवलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले. त्यांनी मिरजेहून सुनेबरोबर मला एक छोटं पाकीट पाठवलं. त्यात खोक्याच्या आतल्या पट्ट्यांसारखे दोन रबरी पट्टे होते, जुन्या मालातले, "असू देत" एवढंच लिहिलेलं. पेटी आत ओढणारा पट्टा कधीतरी सैल होणारच.

ते पट्टे, प्रवासाचे दोन स्क्रू आणि एक कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातमोज्यांच्या खणात ठेवले आहेत. गाडी माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी कागद इंग्रजीत आहे. त्यावर लिहिलं आहे: चेंजर काढायचा असल्यास आधी बॅटरीचं काळं टोक सोडवावं. फ्यूज ३ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फळी सुट्या चाकाच्या मूळ बोल्टला आहे, बोल्ट परत लावावा. आवाजाची तार उंबऱ्याच्या पट्टीखाली आहे, मागून ओढली की अख्खी निघते. काळी तार पत्र्याला देऊ नये, शीळ येते. कुठेही भोक पाडलेलं नाही. सीटमागच्या नळ्या पावसाळ्याआधी साफ कराव्या. तबकड्या पेटीत छापील बाजू वर ठेवून घालाव्या.